बिलात नुसतंच ‘डायमंड रिंग’

प्रश्न : मी सोलापूरला राहतो. तीन आठवड्यांपूर्वी साखरपुड्यासाठी पुण्याच्या एका पेढीतून 62 हजारांची अंगठी घेतली. 30 सेंटचा (म्हणजे 0.30 कॅरेटचा) नैसर्गिक हिरा, रंग जी, क्लॅरिटी (निर्मळपणाची प्रत) व्हीएस, असं त्यांनी व्हॉट्सॲपवर कळवलं होतं. बिलात मात्र ‘डायमंड रिंग, 1 नग’ एवढंच आहे. इथल्या सराफाने मशीनवर पाहून खडा लॅब-ग्रोन, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेला, असल्याचं सांगितलं. पेढी म्हणते, विकलेला माल परत घेत नाही.

उत्तर : तो व्हॉट्सॲप मेसेज जिवापाड जपा. बिल मुकं असल्यामुळे तुमची सगळी बाजू त्यावर उभी आहे. चॅट पुसू नका. त्याची प्रत जोडताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं, इलेक्ट्रॉनिक नोंदीसाठी लागणारं प्रमाणपत्रही जोडा.

अंगठी सैल-घट्ट करू नका, पॉलिशला देऊ नका, खडा कोंदणातून काढू नका. नाहीतर ‘हा खडा आमचा नव्हेच’ म्हणायला पेढीला आयतीच जागा मिळते.

सराफाचं तोंडी मत पुरेसं नाही. पेनसारखा साधा टेस्टर तर इथे निरुपयोगीच. तो खड्यातून उष्णता कशी वाहते एवढंच पाहतो, आणि लॅब-ग्रोन हाही कार्बनचाच हिरा असल्याने दोन्हींना सारखाच कौल देतो. आयजीआयसारख्या हिरे तपासणाऱ्या प्रयोगशाळेचा लेखी अहवाल घ्या. खडा बसवलेला असताना वजन अंदाजेच येतं; नैसर्गिक की लॅबचा, हे मात्र कळतं. हॉलमार्कवर विसंबू नका, तो सोन्यापुरता असतो.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(47) नुसार मालाचा दर्जा खोटा सांगणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर वेगळी मुदत नसेल, तर सदोष माल 30 दिवसांत परत घ्यायला नकार देणंही त्यातच येतं. तुमचे तीन आठवडे गेलेत, म्हणून अहवालाची वाट न पाहता याच आठवड्यात स्पीड पोस्टने लेखी मागणी पाठवा: अंगठी घ्या, 62 हजार परत करा, उत्तराला 15 दिवस. पोच जपून ठेवा.

दाद मिळाली नाही तर पुण्याला खेटे घालायला नकोत. कलम 34 मुळे तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही; मुदत 2 वर्षं. पेढीने अहवाल नाकारला तर आयोग खडा सीलबंद करून तपासणीला पाठवू शकतो. त्या तपासणीचा खर्च आधी तुम्हाला भरावा लागेल, एवढी तयारी ठेवा.

पैसे परत आल्यावर तेवढ्यातच पुन्हा घ्यायची असेल, तर वजनाच्या मागे लागू नका. चमक कटमुळे, म्हणजे पैलू कसे पाडलेत त्यावरून येते, तिथे तडजोड नको. 30 ऐवजी 27-28 सेंट घेतला तर बोटावर फरक दिसत नाही, किमतीत दिसतो. पिवळ्या सोन्यात जीपेक्षा खालचा आय रंगही खपून जातो. क्लॅरिटी व्हीएसच्या खालची एसआय1 चालेल, पण डाग नुसत्या डोळ्यांना दिसता कामा नये. सर्टिफिकेटचा क्रमांक खड्याच्या कडेवर लेसरने कोरलेला असेल, तर तो दहापट भिंगातून स्वतः वाचा आणि प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर जुळवा.

पैसे देण्याआधी बिलात ‘नैसर्गिक हिरा’ हे शब्द, कॅरेट, रंग, क्लॅरिटी, सर्टिफिकेट क्रमांक, सोन्याचं निव्वळ वजन आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या. 30 सेंटचा खडा 0.06 ग्रॅम भरतो. तेवढं वजनही सोन्याच्या भावाने लावू देऊ नका.