डोमेन वेबसाइटवाल्याच्या नावावर आहे, आता काय?

प्रश्न नारायण पेठेतून आला आहे. भाजणी-मेतकुटाचा घरगुती व्यवसाय, नाव वडिलांच्या काळापासूनचं. ओळखीच्या तरुणाने २०१७ मध्ये वेबसाइट करून दिली आणि व्यवसायाच्या नावाचं डॉट इन डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, स्वतःच्याच नावावर घेतलं. आता बिनसलं आहे. ‘दीड लाख द्या, नाहीतर दुसऱ्याला विकतो,’ असा त्याचा व्हॉट्सअ‍ॅप आला आहे. डोमेनची मुदत दोन महिन्यांत संपते. पोलिसांत जावं का?

बंगला बांधून घ्यायचा आणि सातबारा गवंड्याच्या नावावर राहू द्यायचा, असला हा प्रकार. दरवर्षी नूतनीकरणाचे पैसे मोजलेत, पण पावती कोणाच्या नावाची निघते हे एकदाही पाहिलं नाहीत. असो. पोलीस बहुधा ‘दिवाणी वाद आहे’ म्हणून परत पाठवतील. सगळं चॅट वाचल्याशिवाय त्याबद्दल ठाम बोलणार नाही.

तुमचं प्रकरण एका अटीवर उभं आहे. डॉट इनची रजिस्ट्री, म्हणजे नावांची मुख्य नोंद, निक्सीकडे (नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया) आहे आणि तिचं वादनिवारण धोरण २००५ पासूनचं. त्यात नावातलं साम्य आणि समोरच्याचा रास्त हक्क नसणं दाखवावं लागतंच, पण खरी लढाई त्याच्या हेतूवर होते. डॉट कॉम असतं तर नोंदणी आणि वापर, दोन्ही वाईट हेतूने झाल्याचं सिद्ध करावं लागलं असतं. तिथेच तुम्ही हरला असता, कारण २०१७ मध्ये त्याने डोमेन घेतलं ते तुमच्याच सांगण्यावरून. डॉट इनला दोहोंपैकी एक पुरतं. आज तो डोमेनचा वापर अडवणुकीसाठी करतोय, असं म्हणायला तुम्हाला जागा आहे.

आता तुम्ही सोयीस्कर गाळलेला मुद्दा : त्याचे पैसे थकले आहेत का? थकले असतील तर तो वसुली करतोय, खंडणी मागत नाहीये, असं त्याचा वकील पहिल्याच पानावर लिहील. म्हणून आधी रास्त थकबाकी बँकेतून चुकती करा, कशाचे पैसे ते लिहून. मग दीड लाखातले जे उरतील, त्यांचा हिशेब त्याने द्यायचा आहे.

तुमचा ट्रेडमार्क नोंदलेला नाही, त्याने सगळं बुडत नाही. नोंदणी नसलेल्या नावालाही संरक्षण मिळतं आणि ते डोमेनलाही लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने सत्यम इन्फोवे प्रकरणात २००४ मध्येच सांगितलं. जुनी बिलं, पाकिटांवरची लेबलं, अन्न परवाना काढून ठेवा. ट्रेडमार्कचा अर्जही आता तरी करा. व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन फी मालाच्या एका वर्गाला ४,५०० रुपये आहे.

निक्सीकडे तक्रार डोमेनची मुदत संपण्याआधी दाखल व्हायला हवी. ती प्रलंबित असताना डोमेन दुसऱ्याच्या नावावर करायला धोरणात मनाई आहे. एकदा ते सुटून तिऱ्हाइताने उचललं, तर वरचा सगळा युक्तिवाद नव्याने मांडावा लागेल. निकाल एकटा लवाद देतो, साधारण ६० दिवसांत, फार तर आणखी ३०. मात्र तिथे डोमेन तुमच्या नावावर होईल किंवा रद्द होईल. बुडालेल्या ऑर्डरींची भरपाई मिळणार नाही. तिच्यासाठी शिवाजीनगरचं कोर्ट. तातडीचा मनाईहुकूम मागितला नाहीत तर व्यापारी दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची, आणि त्यानंतर तारखा. भरपाईच्या नादात दोन महिने घालवू नका.

चॅट डिलीट करू नका, फोन बदलू नका. पुरावा म्हणून दाखल करताना नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लागेल. आणि त्याला चिडून उत्तर पाठवलं असेल, तर त्याची प्रतही वकिलाला द्या.