भातावरचे कच्चे मासे: त्सुकिजीत कसे खावेत?

प्रश्न: टोकियोला मुलीकडे जातोय. त्सुकिजी बाजाराजवळ भातावर कच्चे मासे घालून देतात म्हणे. ते खायचं कसं? आणि तापीचे मासे आणून घरी जमेल का? (एक वाचक, भुसावळ)

उत्तर: त्या वाडग्याला काइसेनदोन म्हणतात. घाऊक बाजार २०१८ मध्ये टोकियोतल्याच तोयोसू भागात हलला, पण त्सुकिजीतला बाहेरचा बाजार तिथंच आहे. बुधवारी आणि रविवारी बरीच दुकानं बंद असतात, म्हणून इतर वारी सकाळी लवकर जा. रोख येन जवळ ठेवा. टिप द्यायची नसते.

सोया सॉस भातावर ओतू नका. भात खारट होतो, सुटतो आणि जेवायच्या काड्यांत धरवत नाही. सॉस बशीत घेऊन माशाचा तुकडा त्यात टेकवा. वसाबी, म्हणजे सोबत येणारी हिरवी तिखट चटणी, तांदळाच्या दाण्याएवढीच घ्या. ती मिरचीसारखी जिभेवर थांबत नाही, थेट नाकात चढते. शेवभाजीत भाकरी कुस्करतो तसं सगळं कालवू तर मुळीच नका, प्रत्येक माशाची चव वेगळी असते.

तापीचे मासे मात्र कच्चे कधीच नकोत! गोड्या पाण्यातल्या माशांत कृमी असू शकतात, ते लिंबानं किंवा व्हिनेगरनं मरत नाहीत. घरच्या फ्रीजरचाही भरवसा नाही. घरी मासा पूर्ण शिजवूनच भातावर घ्या.