संकट आल्यावरच देव आठवला, आता कोणत्या तोंडाने जाऊ?

ख्रिस्ती कुटुंबांबरोबर समुपदेशनाचे काम करताना एक प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की, समोरच्याने तोंड उघडण्याआधीच तो मला त्याच्या चेहऱ्यावर दिसतो. सुखाच्या दिवसांत मंडळीकडे, म्हणजे चर्चकडे, पाठ फिरवली, प्रार्थना सुटली, पवित्र शास्त्र कपाटात गेले. आणि आता आजारपण, कर्ज किंवा मृत्यू दारात उभा राहिल्यावर ओठांवर पुन्हा प्रभूचे नाव आले, तर माणसाला स्वतःचीच लाज वाटू लागते. गरज पडली म्हणून आठवण झाली, हा मतलबीपणा नाही तर काय, असे तो विचारतो. या प्रश्नाचे सर्वांत नेमके उत्तर ज्यांच्या सोबतीने सापडले, त्या एका गृहस्थांची हकिगत त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून देत आहे.

हे गृहस्थ पन्नाशीचे. विश्वासी घरात वाढलेले आणि तरुणपणी संडे स्कूलमध्ये मुलांना शिकवणारे. धंद्यात जम बसत गेला तसतसे त्यांचे उपासनेला जाणे कमी होत गेले आणि पुढे बंदच झाले. कोणाशी भांडण झाले नव्हते की मनात शंका आली नव्हती. देवाची गरजच वाटेनाशी झाली होती. मग पत्नीची मूत्रपिंडे निकामी झाली, आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झाले, आणि रुग्णालयाच्या जिन्यात उभे राहून ते पुन्हा प्रार्थना करू लागले. त्यांचे थोरले बंधू मंडळीत वडील, म्हणजे तिचा कारभार पाहणारे पुढारी, आहेत. ते भेटायला आले आणि जाता जाता म्हणाले, "आता आठवला का देव?" त्या दिवसापासून या गृहस्थांची झोप उडाली.

पहिल्या भेटीत मी देवाविषयी जवळजवळ काहीच बोलले नाही. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले आणि पुन्हा खायला घातले (1 राजे 19). माझी सारी कार्यपद्धती या क्रमावर उभी आहे, आणि तो बदलण्याचे कारण मला आजवर दिसलेले नाही. झोप नसेल, अन्नावरची वासना उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जाणे हा अविश्वास नव्हे. मी त्यांना आधी डॉक्टरांकडेच पाठवले.

झोप थोडी सावरल्यावर त्यांनी खिशातून चार घड्या घातलेला एक कागद काढला. पत्नी बरी झाली तर दर रविवारी उपासना, दारू बंद आणि उत्पन्नाचा दशमांश, असे त्यावर लिहिले होते. दशमांशापुढचा दहाचा आकडा खोडून पंधरा केला होता आणि पंधरा खोडून वीस. तिन्ही आकड्यांना तीन वेगळ्या शाया होत्या. तपासणीचे अहवाल बिघडत गेले तसा आकडा चढत गेला होता.

"हे पुरेसं नाही, असं वाटत राहतं," ते म्हणाले.

"कोणाला पुरेसं नाही?"

त्यांना उत्तर देता आले नाही. मी त्यांच्या हातात पवित्र शास्त्र दिले आणि लूकच्या 15व्या अध्यायातील, वाटणी घेऊन घर सोडलेल्या, सारे उधळून बापाकडे परतलेल्या धाकट्या मुलाची गोष्ट मोठ्याने वाचायला सांगितली. ती त्यांना पाठ होती. कधी काळी मुलांना शिकवलेली होती. म्हणून मी मध्येच थांबवून विचारले, "हा मुलगा घरी का निघाला?"

"पश्चात्ताप झाला म्हणून."

"आधीचं वचन वाचा."

त्यांनी 17वे वचन वाचले. बापाच्या मजुरांना पोटभर भाकर आहे आणि मी इथे उपाशी मरतो आहे, हा त्याचा पहिला विचार होता. ते थबकले. "म्हणजे तो भुकेपोटी निघाला."

"बापाने त्याला निघण्याचं कारण विचारलं का?"

"नाही."

"आता त्याने वाटेत जे भाषण तयार केलं ते वाचा, आणि बापासमोर प्रत्यक्ष जे बोलला तेही वाचा."

त्यांनी 18वे आणि 19वे वचन वाचले, मग 21वे. पुन्हा मागे जाऊन बोट ठेवून वाचले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "एक वाक्य राहिलं. मला मजुरासारखं ठेवा, हे तो बोललाच नाही. बापाने त्याआधीच झगा आणायला सांगितलं." मग त्यांनी तो कागद उचलला. "म्हणजे मॅडम, माझा हा हिशेब वाचलाच जाणार नाही?"

मी गप्प राहिले. अशा वेळी समुपदेशकाने बोलू नये, हे मी नवशिक्यांनाही आवर्जून सांगते. ते रडले, आणि नंतर माझ्या देखत त्यांनी प्रार्थना केली. ती एवढीच होती: "प्रभू, मला भीती वाटते." त्यात कसलीही अट नव्हती.

मला उमगलेली गोष्ट अशी की, संकटात परतणाऱ्याला अडवणारी भिंत बहुधा त्याच्या जुन्या पापाची नसते. मुलगा म्हणून जाण्याऐवजी मजूर म्हणून जाण्याच्या हट्टाची ती असते. मजुरी ठरली की लाज झाकली जाते, नाते मात्र टाळले जाते. म्हणूनच मतलबीपणाच्या आरोपाला मी घाबरत नाही. 107व्या स्तोत्रात वाळवंटात भरकटलेले, कैदेत पडलेले, आजारी आणि वादळात सापडलेले असे चार प्रकारचे लोक आहेत. त्यांतले काही स्वतःच्या बंडखोरीमुळेच अडचणीत आलेले आहेत. तरीही, संकटात त्यांनी परमेश्वराचा धावा केला आणि त्याने त्यांना सोडवले, हेच चारही वेळा सांगितले आहे. यहूदाच्या मनश्शे राजाने तर यरुशलेम निरपराध्यांच्या रक्ताने भरले होते. बेड्या पडून बाबेलला नेल्यावर तो नम्र झाला, आणि त्याचेही ऐकले गेले (2 इतिहास 33).

मात्र संकट देवाने धडा शिकवायलाच पाठवले, हा निष्कर्ष मी काढू देत नाही. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी कोणाच्या पापामुळे हे झाले असा हिशेब मांडला होता आणि येशूने तो मोडून काढला (योहान 9). पीडित झालो हे बरे झाले, असे 119व्या स्तोत्राचा कर्ता स्वतःच्या पीडेविषयी म्हणतो. दुसऱ्याच्या खाटेशी बसून ते म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस मुकाट्याने बसले तोवर खरे मित्र होते.

मंडळीत परतणे या गृहस्थांना प्रार्थनेहून अवघड गेले. त्यांनी आधी पाळकांना एकट्याने भेटावे, पहिले काही रविवार मागच्या बाकावर बसावे, आणि कुठे होतात असे कोणी विचारले तर "दूर होतो, आता आलो" एवढेच सांगावे, असे मी सुचवले. थोरल्या भावाला उत्तर देण्याची घाई करू नका, असेही सांगितले; गोष्टीतला बाप धाकटा परतल्यावर रागावलेल्या थोरल्या मुलाची समजूत काढायलाही स्वतः बाहेर येतो.

पुढे त्यांनी विचारले, "लिहिलेल्या नवसांचं काय करू?" 66व्या स्तोत्राचा कर्ता संकटात बोललेले नवस आनंदाने फेडतो, तेव्हा नवस वाईट नव्हेत, पण जे किंमत म्हणून लिहिले आणि जे प्रेमाने देता येईल ते वेगळे करा, आणि हे काम पत्नीबरोबर बसून करा, असे मी म्हणाले. दारू सोडण्याचे त्यांनी कायम ठेवले. देणगीचा आकडा औषधोपचाराचा खर्च पाहून दोघांनी मिळून ठरवला. उपासनेच्या ओळीवर पत्नीने त्यांना थांबवून विचारले, "आणि मी बरी झाले नाही, तरी याल ना?" त्यांनी होकार दिला. डायलिसिस अजून चालू आहे, आणि तिला झेपेल त्या रविवारी दोघे बरोबर उपासनेला जातात. न झेपेल त्या रविवारी ते एकटे जातात.