तिप्पट परताव्याच्या अहवालात न दिसणारी तूट

(पत्रलेखिकेची ओळख उघड होऊ नये म्हणून पत्रातील सर्व रकमा बदलल्या आहेत. कुटुंबाचा महिन्याचा घरखर्च १०० धरून बाकीचे आकडे त्या प्रमाणात दिले आहेत.)

प्रश्न: मी कापडी पिशव्या आणि लॅपटॉपची कव्हरे शिवून ऑनलाइन विकते. दहा महिन्यांपूर्वी जाहिरातींचे काम एका एजन्सीकडे सोपवले. तेव्हा महिन्याची विक्री २०० होती, आता ३०० आहे. जाहिरातींवर दरमहा ६० आणि एजन्सीच्या मानधनावर २० खर्च होतात. त्यांच्या अहवालानुसार जाहिरातींमधून १८० ची विक्री होते, म्हणजे तिप्पट परतावा मिळतो. आता जाहिरातींचा खर्च दुप्पट करावा, मानधन ३० करावे आणि वर्षभराचे मानधन आगाऊ भरावे, त्यावर १० टक्के सूट मिळेल, असा त्यांचा प्रस्ताव आहे. गुगलच्या पहिल्या पानावर आणण्याची हमीही ते देतात. अडीअडचणीसाठी ठेवलेली ६०० ची मुदत ठेव माझ्याकडे आहे. तिच्यावर वर्षाला ६ टक्के व्याज मिळते. ती मोडावी की व्यवसायासाठी कर्ज काढावे? घरखर्चासाठी मी महिन्याला २५ देते. जाहिरातींचे पैसे क्रेडिट कार्डातून परस्पर कापले जातात. कार्डावर सध्या २३० बाकी आहे, व्याज महिन्याला ३ टक्के आहे, पण किमान रक्कम मी कधीही चुकवलेली नाही.

उत्तर: एजन्सीसाठी ठेवही मोडू नये आणि कर्जही काढू नये. ठेवीचा काही भाग मात्र आपल्याला मोडावाच लागणार आहे आणि त्याचे कारण आपल्या पत्राच्या शेवटच्या ओळीत आहे. जाहिराती फायद्यात चालल्या आहेत हे आपण गृहीत धरले आणि पुढचा पैसा कुठून आणायचा एवढेच विचारले. मला ते गृहीतच मान्य नाही, म्हणून या उत्तराचा बराचसा भाग आपण न विचारलेल्या गोष्टीवर जाईल.

आधी कार्ड. किमान रक्कम वेळेवर भरली की विलंब शुल्क लागत नाही, एवढाच तिचा उपयोग. उरलेल्या बाकीवर व्याज चढतच राहते. महिन्याला ३ टक्के हा दर ऐकायला लहान वाटतो, पण चक्रवाढीने तो वर्षाला ४२ टक्क्यांच्या वर जातो. २३० वर महिन्याला सुमारे ७ व्याज लागते, तर ६०० ची ठेव आपल्याला महिन्याला ३ मिळवून देते. आपली सगळी ठेव वर्षभरात जेवढे कमावते त्याच्या दुपटीहून अधिक हे कार्ड खाऊन टाकते. शिवाय बाकी शिल्लक असलेल्या कार्डावर केलेल्या नव्या खर्चाला बहुतेक बँका बिनव्याजी मुदत देत नाहीत, त्यामुळे आज सकाळी कापले गेलेले जाहिरातीचे पैसेही आजपासूनच व्याजाने घेतलेले पैसे आहेत. हे आपल्याला एजन्सीने सांगितले नाही आणि तिच्याकडून ती अपेक्षाही नव्हती; पण ज्या धंद्याची विक्री दीडपट झाली त्याच्या मालकिणीवर दहा महिन्यांत घरखर्चाच्या सव्वादोनपट देणे का झाले, हा प्रश्न कोणीतरी विचारायला हवा होता.

त्याचे उत्तर आपण पत्रासोबत जोडलेल्या खर्चाच्या यादीत आहे. आपण लिहिता की आपले मार्जिन ‘निम्म्याहून थोडे जास्त’ आहे, पण त्यात आपण फक्त कापड, चेन, दोरा आणि मदतनीसाची मजुरी धरली आहे. १०० च्या विक्रीमागे तो खर्च ४८ होतो. कुरिअर आणि वेष्टन यांचे १५ आपण वेगळ्या वहीत लिहिता, पेमेंट गेटवे (ग्राहकाचे ऑनलाइन पैसे आपल्यापर्यंत पोहोचवणारी सेवा) ३ परस्पर कापून घेतो, आणि कुपनची सूट व परत आलेला माल मिळून आणखी ६ जातात. एकूण ७२. हातात उरतात २८. यात मालाच्या साठ्यात अडकलेला पैसा मी धरलेला नाही.

आता तिप्पट परतावा या शब्दाकडे पाहू. जाहिरातीवरील परतावा म्हणून एजन्सी जो आकडा देते तो विक्रीचा असतो, नफ्याचा नसतो. १०० मागे २८ उरत असतील तर जाहिरातीवर खर्च केलेले पैसे नुसते परत यायलाही साडेतीनपटीहून थोडी जास्त विक्री व्हावी लागते. एजन्सीचे मानधन त्यात मिळवले तर तो आकडा पावणेपाचपटीच्या आसपास जातो. आपली विक्री तिप्पट आहे. म्हणजे अहवालातला प्रत्येक आकडा खरा मानला तरी १८० च्या विक्रीतून ५० उरतात आणि त्यासाठी ८० खर्च होतात. दरमहा ३० ची ही तूट हिरव्या बाणांच्या आणि उंच जाणाऱ्या आलेखांच्या त्या सुबक अहवालात कुठेच नाही, कारण आपला कापडाचा खर्च एजन्सीला ठाऊक नाही आणि तो तिने विचारलेलाही नाही.

पण अहवालातला आकडा तरी खरा का मानावा? दहा महिन्यांपूर्वी आपली विक्री २०० होती आणि आज ३०० आहे. वाढ १०० ची आहे. मग जाहिरातींनी १८० आणले कसे? उरलेले ८० हे बहुधा आपले जुनेच ग्राहक आहेत, जे तसेही आपल्याकडे आले असते, पण येताना वाटेत त्यांना जाहिरात दिसली. फेसबुक-इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटा कंपनीच्या जाहिरात खात्यातील मूळ मांडणी अशी असते की जाहिरातीवर क्लिक केल्यापासून ७ दिवसांत, किंवा क्लिक न करता नुसती पाहिल्यापासून १ दिवसात झालेली खरेदी त्या जाहिरातीच्या खात्यावर जमा होते. आपले पान आठवणीने उघडणाऱ्या बाईंना आदल्या रात्री फोनवर आपली जाहिरात दिसली असेल तर त्यांची खरेदीही जाहिरातीनेच झाली असे मोजले जाते. त्याच बाईंनी नंतर गुगलवर आपले नाव शोधून तिथल्या जाहिरातीवर बोट ठेवले तर तीच एक ऑर्डर दोन्ही अहवालांत दिसू शकते. यात लबाडी नाही, मोजण्याची ती एक रीत आहे. पण अशा आकड्याच्या भरवशावर घरची ठेव मोडायला सांगणे मला मुळीच मान्य नाही.

म्हणून एजन्सीचा अहवाल बाजूला ठेवून संपूर्ण धंद्याचा हिशेब करा. पूर्वी २०० च्या विक्रीतून १०० मागे २८ प्रमाणे ५६ उरत. आज ३०० मधून ८४ उरतात, त्यातून जाहिराती आणि मानधनाचे ८० गेले की ४ राहतात. विक्री दीडपट झाली, पिशव्या दीडपट शिवल्या गेल्या, आणि महिन्याची कमाई ५६ वरून ४ वर आली. तरीही आपण घरात २५ देतच राहिलात, कारण विक्री वाढताना दिसत होती. दरमहा कमी पडणारे २१ कार्डाने भरले. दहा महिन्यांचे ते पैसे आणि त्यांवरचे व्याज धरले की बरोबर २३० च्या आसपास येतात. आपण हौसेने काहीही उधळलेले नाही. कार्डावरची ही रक्कम म्हणजे जाहिरातींची साचलेली तूट आहे.

या सगळ्यात आपल्या स्वतःच्या हाताची मजुरी शून्य धरली आहे, हेही मला लिहायलाच हवे. रात्री अकरापर्यंत बसून पाकिटांवर पत्ते चिकटवत असल्याचे आपण पत्रात सहज लिहून गेलात. मदतनीसाला आपण मजुरी देता; त्याच यंत्रावर त्याहून जास्त तास आपण बसता आणि त्या तासांना वहीत ओळदेखील नाही. १०० ची जी जास्त विक्री झाली ती शिवण्याचे कष्ट आपले आणि तिच्यातले २८ तर एजन्सी व जाहिरात कंपन्यांकडे गेलेच, वर आणखी ५२ आपण पदरचे घातले.

‘सुरुवातीला तोटा होतो, मग ग्राहक पुन्हा येतात’ असे एजन्सीने सांगितल्याचे आपण लिहिले आहे. काही धंद्यांत हे खरे असते. साबण किंवा वही संपते आणि माणूस पुन्हा घ्यायला येतो. आपणच लिहिता की आपली पिशवी वर्षानुवर्षे टिकते. जाहिरातीतून पहिल्या दोन महिन्यांत आलेल्या ग्राहकांची यादी काढा आणि त्यांतील किती जणांनी पुन्हा काही घेतले ते मोजा. हे काम तासाभराचे आहे आणि त्यातून निघालेला आकडा कोणाच्याही आश्वासनापेक्षा जास्त भरवशाचा असेल.

नव्या प्रस्तावाबद्दल थोडक्यात लिहितो. खर्च दुप्पट केल्यावर जाहिरातीची विक्रीही दुप्पट होईल हे क्षणभर मान्य करू, जरी तसे सहसा होत नाही, कारण सहज घेणारी माणसे आधी सापडतात आणि पुढचा प्रत्येक ग्राहक अधिक महाग पडत जातो. एकूण विक्री ४८० झाली तर उरतील १३४ आणि जाहिराती व मानधन मिळून जातील १५०. धंदा आता उघड तोट्यात जाईल. त्यात घरचे २५ आणि कार्डाचे व्याज मिळवून, आगाऊ मानधनावरची ३६ ची सूट वजा केली, तरी वर्षभरात ठेवीतले ५४० च्या आसपास संपतील आणि कार्डावरचे २३० जिथल्या तिथे राहतील. हे एजन्सीचा शब्द पूर्ण खरा ठरल्यावरचे चित्र आहे. पहिल्या पानाच्या हमीबद्दल एवढेच पुरे की शोधनिकालांत पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गुगलनेच आपल्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिले आहे. जी गोष्ट विकणाऱ्याच्या हातात नाही तिची हमी देऊन वर्षाचे पैसे आधी मागणाऱ्याशी व्यवहार करू नये.

आता काय करायचे ते सांगतो. ठेवीतून २३० काढून कार्डाची बाकी एका दमात फेडा. ठेवीचा काही भागच मोडता येतो का ते बँकेला विचारा. मुदतीआधी मोडल्याने व्याजात होणारी कपात कार्डाच्या महिन्याभराच्या व्याजापुढेही किरकोळ ठरेल. उरलेले ३७० म्हणजे पावणेचार महिन्यांचा घरखर्च होतो, आणि त्याला हात लावायचा नाही. जाहिराती पूर्ण थांबवा आणि पुढचे सहा आठवडे रोजची एकूण विक्री वहीत लिहा. हंगामाचा फरक पडू शकतो, म्हणून आकडे गेल्या वर्षीच्या त्याच आठवड्यांशीही ताडून पाहा. विक्री ३०० वरून अगदी २०० पर्यंत खाली आली तरी घाबरू नका, कारण २०० वर आपण ५६ कमावता, घरी २५ देऊन ३१ वाचतात आणि साडेसात महिन्यांत ठेव पुन्हा ६०० होते. विक्री २४० वर टिकली तर त्याहूनही लवकर. धंद्याचे बँक खाते घरच्या खात्यापासून वेगळे करा आणि स्वतःचे २५ त्यातून एका ठरावीक तारखेला काढा. खात्यात नसतील तर त्या महिन्यात काढू नका, मग कमाई घटली हे दहा महिन्यांनी नव्हे, पहिल्याच महिन्यात कळेल.

जाहिरात कायमची वाईट असे माझे म्हणणे नाही. कार्ड फिटल्यावर, आधीच्या महिन्याच्या नफ्यातून आणि बँक खात्यातूनच, महिन्याला १० खर्च करून पाहा. एकूण विक्री ३६ ने वाढली तर जेमतेम बरोबरी होईल आणि ५० ने वाढली तर आपल्याला ४ मिळतील. ३६ च्या खाली राहिली तर दुसऱ्या महिन्यात थांबवा. हे पैसे एकाच जाहिरात संचावर, म्हणजे एकाच प्रेक्षकगटासाठीच्या जाहिरातींवर लावा. आपण पाठवलेल्या जाहिरात खात्याच्या चित्रात आठवड्याच्या दहाबारा ऑर्डर सहा वेगवेगळ्या संचांत वाटलेल्या दिसतात, आणि मेटाच्या यंत्रणेला योग्य माणसे शोधायला शिकण्यासाठी एकेका संचामागे आठवड्याला सुमारे ५० निकाल, म्हणजे आपल्या बाबतीत ऑर्डर, लागतात. एवढ्या थोड्या ऑर्डर सहा ठिकाणी वाटल्यावर तिला काहीच शिकता येत नाही. गुगलवर जाहिरात दिलीत तर एखाद्या दिवशी रोजच्या मर्यादेच्या दुपटीपर्यंत पैसे कापले जाऊ शकतात, पण महिन्याचा आकडा त्या मर्यादेच्या ३०.४ पटीपुढे जात नाही. दैनिक मर्यादा ठरवताना हा भागाकार आधी करा.

त्याआधी बिनपैशाची कामे आहेत आणि ती आपण दहा महिने एजन्सीवर विसंबून सोडून दिलीत. गुगलवरची व्यवसायाची नोंद फुकट असते. आपल्या नोंदीवर अजून जुना फोन क्रमांक आहे आणि कव्हरांचा एकही फोटो नाही. लॅपटॉपच्या कोणत्या मापाला कोणते कव्हर बसते हा प्रश्न ग्राहक पुन्हापुन्हा विचारतात असे आपण लिहिता. त्याचे उत्तर मापांसह प्रत्येक वस्तूच्या पानावर लिहिले तर चुकीच्या मापामुळे परत येणारा माल कमी होईल आणि त्या ६ मधले २ वाचले तरी १०० मागे २८ चे ३० होतील. ज्यांनी संमती दिली आहे अशा जुन्या ग्राहकांना नवीन नमुन्याचा फोटो पाठवण्याला खर्च नाही. आपली २०० ची विक्री याच लोकांनी आणि त्यांनी ज्यांना सांगितले त्यांनी उभी केली होती.

शेवटी एक तातडीची गोष्ट. ‘सगळे पासवर्ड एजन्सीकडेच आहेत, त्यामुळे मला कटकट नाही,’ असे आपण लिहिले आहे. संकेतस्थळाचे डोमेन (इंटरनेटवरचा पत्ता), जाहिरात खाते, गुगलवरची नोंद आणि ग्राहकांची यादी ही आपली मालमत्ता आहे आणि आज तिची चावी दुसऱ्याच्या खिशात आहे. करार वाढवणार नसल्याचे कळवण्याआधी या चारही ठिकाणी मुख्य प्रशासक म्हणून आपले नाव आणि आपला ईमेल घालून घ्या, ग्राहकांची यादी उतरवून घ्या आणि डोमेनच्या नोंदणीत मालक म्हणून कोणाचे नाव आहे ते स्वतः उघडून पाहा. तिथे एजन्सीचे नाव निघाले तर ते बदलून मिळेपर्यंत या महिन्याचे मानधन देऊ नका आणि तसे त्यांना लेखी कळवा.