जजला हाक कधी मारायची? पत्त्यांच्या टूर्नामेंटबद्दल वाचकांचे प्रश्न

सांगली, मिरज, विटा, तासगाव इकडून आलेल्या प्रश्नांपैकी पाच या अंकात घेतले आहेत. मॅजिक, पोकेमॉन आणि यू-गी-ओ या स्वतःचा डेक (पत्त्यांचा संच) बांधून खेळायच्या तिन्ही खेळांचे कायदे वेगवेगळे आहेत; वाद झाला की निकाल देतो तो जज, म्हणजे स्पर्धेचा पंच. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या टेबलावर सांगू नका.

मॅजिकमध्ये मी मोनॅस्टरी स्विफ्टस्पिअर या योद्ध्याच्या पत्त्याने हल्ला केला आणि लाइटनिंग बोल्ट (तीन डॅमेज देणारा मंत्र) थेट समोरच्यावर टाकला. 'प्राउएस' (मंत्र टाकला की स्विफ्टस्पिअरची ताकद वाढवणारी क्षमता) असं तोंडाने म्हणालो नाही. बोल्टचे तीन गेले, मग डॅमेजच्या वेळी मी 'दोन' म्हटलं. समोरचा म्हणतो, ट्रिगर (काही घडलं की आपोआप लागणारी क्षमता) चुकला, एकच मिळणार. कोण बरोबर? (कॉलेज विद्यार्थी, विश्रामबाग)

तुम्ही बरोबर. स्विफ्टस्पिअर मुळात 1/2, म्हणजे हल्ल्याची ताकद 1 आणि सहनशक्ती 2. बोल्ट टाकताच प्राउएसने तो त्या टर्नपुरता 2/3 होतो. हा बदल टेबलावर डोळ्यांना दिसत नाही. अशा ट्रिगरची आठवण तुम्हाला आहे हे दाखवायची वेळ तेव्हाच येते, जेव्हा त्याचा परिणाम पहिल्यांदा दिसू लागतो. इथे ती वेळ डॅमेजची होती आणि तुम्ही 'दोन' म्हणालात. काम झालं. समोरच्याने 'एक' म्हणून आकडा कमी केला असता आणि तुम्ही गप्प राहिला असता, तर ट्रिगर गेला असता.

टार्गेट निवडावं लागणाऱ्या किंवा टेबलावर काही हलवणाऱ्या ट्रिगरला ही सवलत नाही. उपकीपला (टर्नच्या सुरुवातीला, पत्ता ओढण्याआधी) टोकन (पत्त्याऐवजी ठेवायची सोंगटी) यायचा होता आणि तुम्ही पत्ता ओढून मोकळे झालात, तर तो चुकलाच. पुढे काय होतं हे स्पर्धेच्या पातळीवर ठरतं. कडक नियमांच्या कॉम्पिटिटिव्ह पातळीवर, तो ट्रिगर आता स्टॅकवर (परिणामांच्या रांगेत) घ्यायचा की नाही हे समोरचा ठरवतो, आणि बहुतेक वेळा तो नाहीच म्हणतो. तुमच्याच नुकसानीचा ट्रिगर विसरलात तर वर वॉर्निंगही मिळते. दुकानातल्या रेग्युलर पातळीवर जज सहसा ट्रिगर परत घेऊ देतो, पण त्यावर अवलंबून खेळ फार पुढे गेला नसेल तरच. पत्त्याच्या मजकुरात 'मे' (may, म्हणजे हवं तर) असेल तर तुम्ही नको म्हणालात असं धरलं जातं.

समोरच्याने आठवण करून द्यायला हवी होती, अशी तक्रार दर वेळी येते. ट्रिगर ज्याचा, आठवण त्याची. मात्र त्याने मध्येच 'स्विफ्टस्पिअर आत्ता किती?' असं विचारलं, तर चुकीचा आकडा सांगायचा नाही. कॉम्पिटिटिव्हला गप्प राहता येतं, रेग्युलरला खरं उत्तर द्यावंच लागतं.

पावसाळ्यात स्लीव्ह (पत्त्यांवरची प्लॅस्टिकची आवरणं) चिकटतात. मॅजिकमध्ये एकाऐवजी दोन पत्ते आले, आम्ही एक परत ठेवून खेळ पुढे चालू केला. चाललं का? (मिरज)

नाही चाललं. 'जाऊ दे, आपसात मिटवू' ही सवय इथे महागात पडते, कारण कुठला पत्ता परत गेला हे फक्त ओढणाऱ्याला माहीत असतं. दोन पत्ते आल्याचं जाणवलं की हात तिथेच थांबवा. जादा पत्ता हातातल्या पत्त्यांत मिसळू न देता टेबलावर पालथा ठेवा आणि जजला हाक मारा. सगळा निकाल याच एका गोष्टीवर फिरतो. पत्ता दिसला पण मिसळला नाही, तर तो डेकच्या माहीत नसलेल्या भागात पिसला जातो आणि प्रकरण संपतं. मिसळला, तर कॉम्पिटिटिव्ह पातळीवर तुमच्या हातातले पत्ते समोरच्याला दाखवले जातात आणि त्यातला कुठला पत्ता डेकमध्ये पिसायचा ते तो निवडतो. तो तुमचा सगळ्यात चांगलाच पत्ता काढणार. रेग्युलरला हातातला एक पत्ता न बघता काढून डेकवर ठेवतात.

वेळ जाईल म्हणून लोक हाक मारत नाहीत. जज टेबलावर एका मिनिटापेक्षा जास्त थांबला तर तेवढा वेळ फेरीला वाढवून मिळतो. समोरच्याचा चुकलेला ट्रिगर सोडला, तर बाकी कुठलीही चूक दिसूनही फायद्यासाठी गप्प बसणं ही फसवणूक धरली जाते.

याच ओलाव्याने फॉइल (चमकता थर असलेले) पत्ते वाकतात. कागदी थर दमट हवेत फुगतो, फॉइल फुगत नाही, म्हणून पत्ता चमकत्या बाजूकडे वळतो. डेक टेबलावर ठेवून डोळ्यांच्या रेषेत बाजूने बघा. कुठे फट दिसते का? जज तिथेच डेक कापतो, आणि दर वेळी फॉइलच हाती लागला तर ते खुणेचे (न बघता ओळखता येणारे) पत्ते ठरतात. स्वतः प्रॉक्सी (बदली पत्ता) बनवून आणायची नाही. बिनफॉइल छपाईच नसलेला पत्ता वाकला, किंवा त्याच स्पर्धेत पत्ता चुकून खराब झाला, तर जजच प्रॉक्सी देऊ शकतो. डबीत सिलिका जेलची पुडी टाका आणि स्लीव्ह सगळ्या एकाच पाकिटातल्या घ्या. मॅजिक आणि पोकेमॉनचा पत्ता 63 × 88 मिमी, यू-गी-ओचा 59 × 86. लहान स्लीव्हमध्ये मोठा पत्ता कोंबला की कोपरे जातात.

यू-गी-ओमध्ये नवा मॉन्स्टर आणायला पेटेन द डार्क क्लाउन ट्रिब्यूट केला, म्हणजे बळी दिला. तो ग्रेव्हयार्डमध्ये (बाद पत्त्यांच्या गठ्ठ्यात) गेला, तरी जजने दुसरा पेटेन आणू दिला नाही. का? (तासगाव)

यालाच टायमिंग चुकणं म्हणतात, आणि या खेळातला हा सगळ्यात जास्त भांडणं लावणारा नियम. पेटेनच्या मजकुरात 'व्हेन' (जेव्हा) आणि 'यू कॅन' (हवं तर) हे दोन्ही आहेत. असा ऐच्छिक इफेक्ट तेव्हाच लागतो, जेव्हा पत्ता ग्रेव्हयार्डमध्ये जाणं ही सगळ्यात शेवटची घडलेली गोष्ट असते. ट्रिब्यूट समनमध्ये (बळी देऊन मॉन्स्टर आणताना) पेटेन आधी जातो आणि नवा मॉन्स्टर नंतर येतो. शेवटची गोष्ट समन ठरली, म्हणून संधी गेली. कॉस्ट (दुसऱ्या इफेक्टची किंमत) म्हणून टाकला किंवा चेन (शेवटून सुटत येणारी इफेक्टची साखळी) लिंक 2 मध्ये गेला आणि नंतर लिंक 1 सुटली, तरी तेच. लढाईत मेला तर मात्र लागतो.

मजकुरात 'इफ' (जर) असेल तर टायमिंग चुकत नाही. 'व्हेन' आहे पण 'यू कॅन' नाही, म्हणजे सक्तीचा इफेक्ट, तोही चुकत नाही. यू-गी-ओ बनवणाऱ्या कोनामी कंपनीने 2011 पासून मजकुराची भाषा पक्की बांधली. त्याआधी छापलेल्या पत्त्यावरचे शब्द धरून जजशी वाद घालू नका, तो कोनामीच्या डेटाबेसमधला ताजा मजकूर बघतो.

शेवटच्या फेरीत ड्रॉ करून बक्षीस वाटून घेतलं तर? (विटा)

मॅजिकमध्ये ठरवून ड्रॉ चालतो, न मिळालेलं बक्षीस वाटून घेणंही चालतं. पण एकाच्या बदल्यात दुसरं असं बोलायचं नाही. 'तू हार मान, अर्धी पाकिटं तुझी' हे वाक्य तोंडातून निघालं की गुन्हा झाला, मग समोरच्याने नाही म्हटलं तरी. नाणं उडवून निकाल लावणंही त्यातच येतं. यू-गी-ओमध्ये ठरवून ड्रॉ मुळात बंद आहे.

मुलाकडे स्टेशनरीच्या दुकानातले सोनेरी पोकेमॉन पत्ते आहेत. ते घेऊन स्पर्धेत बसता येईल? शेजारी उभं राहून मदत केली तर? (पालक, सांगली)

ते चकचकीत सोनेरी प्लॅस्टिकचे पत्ते नकली आहेत, एकही चालणार नाही. डेक नेमका 60 पत्त्यांचा लागतो, 59 नाही आणि 61 नाही. एका नावाचे जास्तीत जास्त चार, बेसिक एनर्जीचे पत्ते सोडून. स्टँडर्ड (फक्त अलीकडचे पत्ते चालणारा प्रकार) खेळायचं असेल तर पत्त्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातलं इंग्रजी अक्षर बघा आणि या हंगामात कुठली अक्षरं चालतात ते आयोजकाला आधी विचारा. जुने पत्ते इथेच बाद होतात.

शेजारी उभं राहायला हरकत नाही. खूण, खाकरणं, 'बघ नीट' असं काहीही नको, त्याची शिक्षा मुलाला बसू शकते. चूक दिसली तर मुलाला न सांगता जजला सांगा.