शेणखत ‘कुजलेले’ की ‘सडलेले’?

प्रश्न असा आहे : एका माहितीपत्रकात ‘पूर्ण सडलेले शेणखत वापरा’ असं छापलं आहे, ते चालेल की ‘कुजलेले’च हवं?

‘कुजलेले’च हवं. हिंदीत ‘सड़ी हुई गोबर की खाद’ म्हणतात. भाषांतर करताना तिथूनच हे आलं असावं. मराठीत जे सडतं ते वाया जातं : टोमॅटो, पेटीतले आंबे, चाळीतला कांदा. कुजणं त्याहून व्यापक आहे. हळदीची कंदकूज हे नुकसानच. पण खताच्या बाबतीत कुजणं म्हणजे तयार होणं. म्हणून शेतकरी पाचट (उसाची वाळलेली पानं) कुजवतो, सडवत नाही. (‘सडवा’ हे नाम गडचिरोलीकडे सर्रास ऐकू येतं, पण तो मोहफुलांचा, दारूसाठीचा.)

याहून मजेचा भेद ‘कुजका’ आणि ‘कुजलेला’ यांत आहे. लाकूड कुजकं, बोलणंही कुजकं. पण ‘कुजकं शेणखत’ कोणी म्हणत नाही. ‘कुजका’ हा दोष झाला, ‘कुजलेलं’ म्हणजे क्रिया पुरी झाली. आणि ती पुरी व्हायला लागते. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून हुमणी, म्हणजे पिकाची मुळं खाणारी अळी, शेतात येते.

पाचटाचंही तसंच. हेक्टरभर उसातून ८ ते १० टन पाचट निघतं. त्यात कर्ब (कार्बन) भरपूर, नत्र (नायट्रोजन) अगदी थोडं. कुजवणारे जिवाणू आणि बुरश्या वाढीसाठी लागणारं नत्र मग जमिनीतूनच उचलतात आणि खोडवा, म्हणजे तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटलेला ऊस, पिवळा पडतो. त्यासाठीच टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो जिवाणू संवर्धक टाकायची शिफारस असते. पाचट काळपट होऊन बोटांत चुरडायला लागलं की अडकलेलं नत्र हळूहळू मोकळं होतं. हिरवळीचं खत म्हणून फुलोऱ्यात गाडलेला ताग मात्र कोवळा, नत्राने भरलेला. तो लवकर कुजतो.

जाता जाता : पाठ्यपुस्तकांत ह्यूमससाठी, म्हणजे मातीतल्या पूर्ण कुजलेल्या सेंद्रिय भागासाठी, ‘कुथित मृदा’ असा शब्द दिसतो. संस्कृतात ‘कुथित’ म्हणजे दुर्गंधी सुटलेलं. चांगल्या कुजलेल्या खताला तर पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास येतो, कारण तो वास देणारे सूक्ष्मजीव दोन्हीकडे तेच. मी तरी ‘ह्यूमस’च लिहितो.