त्याला डेमो म्हणू नकोस

अरे, तुझा मेसेज वाचल्यापासून डोक्यात तेच चाललंय. ट्रॅक तयार आहेत, लॅपटॉपवर पडून आहेत, आणि तू विचारतोस की लेबलवाल्यांना, म्हणजे संगीत काढणाऱ्या कंपन्यांना, डेमो म्हणजे नमुना म्हणून पाठवू की अजून थांबू. डेमो म्हणूच नकोस आधी. पूर्ण कर आणि स्वतःच्या नावावर काढ.

बोर्ड्स ऑफ कॅनडा ही इलेक्ट्रॉनिक संगीतवाली जोडी तू ऐकतोस म्हणून त्यांचंच सांगतो. 1995 मध्ये 'टूइझम' काढलं तेव्हा स्कॉटलंडच्या या पोरांना कोण ओळखत होतं? म्युझिक70 हे लेबल त्यांचं घरचंच, त्यावर कॅसेट आणि थोडी विनाइल, सगळं मिळून साधारण 100 प्रती. त्यातली एक ऑटेकर या इलेक्ट्रॉनिक जोडीतल्या शॉन बूथपर्यंत पोचली, तिथून मँचेस्टरचं स्काम लेबल, 1996 ला 'हाय स्कोअर्स' आणि 1998 ला वॉर्प या लेबलकडून मोठा अल्बम. याला लोक नशीब म्हणतात तेव्हा मला राग येतो. नशीब कसलं, पाठवायला पूर्ण झालेली वस्तू हातात होती! त्या कॅसेटवरचा 'स्मोक्स क्वांटिटी' हा ट्रॅक पुढे 1998 च्या अल्बमवरही आला, म्हणजे तेव्हाचं काम कच्चं नव्हतंच. 2002 ला वॉर्पने 'टूइझम' पुन्हा काढलं ते काय उगाच?

माझ्या वेळी मला एका कंपनीवाल्याने सांगितलेलं, सिंथ (सिंथेसायझर) राहू दे पण वर ढोलकी टाक, मग खपेल. मी नाही म्हणालो. डबल डेकवर रात्र रात्र बसून आम्हीच कॅसेटी भरल्या, कव्हर झेरॉक्सचं. अजून लोक म्हणतात हट्ट केलास, करिअर झालं असतं. झालं असतं, पण कुणाच्या संगीताचं? ते काम माझं होतं आणि आजही ते मी कुणालाही ऐकवू शकतो. खंत दुसऱ्या टेपची आहे, जोडीदार नोकरीला आखातात गेला आणि ती अर्धीच राहिली. अर्धं काम कुणाला ऐकवता येत नाही रे, म्हणून तुझ्या मागे लागलोय.

कॅसेटच काढ असं नाही, बँडकॅम्प, म्हणजे स्वतःचं संगीत विकायची वेबसाइट, तीही चालेल. पण क्रम ठरव, दोन ट्रॅकमध्ये किती शांतता ठेवायची ते ठरव, मास्टर कर म्हणजे आवाजावर शेवटचा हात फिरव, कव्हर कर. मग ज्यांचं काम तुला मनापासून आवडतं त्यांना एकेकाला नाव घालून, दोन ओळी लिहून पाठव, सगळ्यांना एकच मेल अजिबात नको. जो ट्रॅक पक्का वाटत नाही म्हणतोस तो काढून टाक, त्याच्यासाठी बाकीचे अडवू नकोस. दिवाळीच्या आत सगळं सलग मला पाठव, हेडफोन लावून ऐकतो, मग फोनवर बोलू.